जुना दुखरा खांदा आणि टेन्स मशीन: पॅड कुठे, आकडे किती, व्यायाम कधी

स्मॅश मारणारा व्हॉलीबॉलपटू, पोहणारा, जलदगती गोलंदाज, उड्या घेणारा गोलरक्षक. यांचा खांदा एकदा धरला की उपायांचा क्रम ठरलेला असतो: आधी बर्फ, मग मलम, मग गोळी आणि तीन-चार महिने उलटले की कोणाच्या तरी सांगण्यावरून आणलेले 'करंटचे मशीन'. मशीन लावून माणूस खाटेवर पडतो, पंधरा मिनिटे हलक्या मुंग्या घेतो, उठतो आणि हात वर केला की कळ तशीच. आठवडाभरात मशीन कपाटात जाते.

यात मशीनचा दोष थोडा आणि वापराचा जास्त असतो. हे मशीन म्हणजेच टेन्स: कातडीवर चिकटवलेल्या पॅडमधून मज्जातंतूंना विजेचे सौम्य स्पंद देऊन ते दुखणे दाबते, पण मशीन चालू असेपर्यंत आणि त्यानंतर थोडा वेळच. तेवढ्या वेळात खांद्याचा व्यायाम झाला तर त्या मशीनचा उपयोग. नुसते पडून राहिलात तर उरते ती बॅटरी संपवल्याची नोंद. म्हणून हा लेख पॅड, आकडे आणि व्यायाम तिन्ही एकत्र धरून लिहिला आहे.

मशीन लावण्याआधी: हा खांदा या उपायाचा आहे का?

तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेले दुखणे जुने समजतात. ५० मीटरच्या तलावात एका लांबीला सुमारे ४० हात धरले, तर ३ किलोमीटरच्या सरावात ६० लांब्या, म्हणजे २४०० हात होतात. प्रत्येक खांद्याच्या वाट्याला १२००. पणजीत कांपालच्या तलावात आठवड्याला पाच दिवस हे चालले की खांद्याच्या कंडरांवर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांवर, किती भार पडतो ते वेगळे सांगायला नको. अशा भाराने कुरकुरणारी कंडरा, म्हणजे हात ६० ते १२० अंशांच्या दरम्यान उचलताना येणारी कळ, सरावानंतरचा ठणका, त्या कुशीवर झोपता न येणे, हे टेन्सचे गिऱ्हाईक.

पुढील गोष्टींपैकी एकही असेल तर मात्र मशीन बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा. पडल्यावर किंवा झटक्यानंतर हात उचलताच येईनासा झाला. ताप आहे, सांधा गरम आणि सुजलेला आहे. विश्रांतीतही रात्रभर ठणका राहतो आणि वजन घटते आहे. मान फिरवली की दुखणे कोपराच्या खाली बोटांपर्यंत जाते; हे बहुधा मानेतून आलेले असते. अचानक असह्य दुखून आठवड्या-दोन आठवड्यांत दुखणे ओसरले, पण हात लुळा पडत चालला, तर मज्जातंतूंच्या जाळ्याला सूज आलेली असू शकते. आणि डावा खांदा जिना चढताना दुखून थांबल्यावर शांत होत असेल तर टेन्स नव्हे, ईसीजी. चाळिशी ओलांडून मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर पोहण्याची तयारी करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

व्हॉलीबॉलवाल्यांसाठी एक तपासणी घरीच करता येते. गोव्यात फोंडा, डिचोली, साखळी भागात दिव्यांच्या उजेडात रात्र रात्र स्पर्धा चालतात, तिथल्या मुलांना ही नक्की सांगावी. शर्ट काढून आरशाकडे पाठ करा आणि मोबाईलने पाठीचा फोटो घ्या. फऱ्यावर, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडावर, आडवा-तिरका हाडाचा कंगोरा दिसतो. त्याच्या खालची बाजू स्मॅश मारणाऱ्या हाताकडे खोलगट आणि दुसऱ्या हाताकडे भरलेली दिसली, तर तिथला इन्फ्रास्पायनेटस स्नायू सुकतो आहे. सुप्रास्कॅप्युलर मज्जातंतू फऱ्याच्या मानेला वळसा घालून या स्नायूत शिरतो आणि त्या वळणावर तो चेपला किंवा ताणला जातो. कधी सांध्याच्या कडेची कुर्चा फाटून तयार झालेली पाण्याची गाठ त्यावर दाबते. वळणानंतर या मज्जातंतूत वेदनेचे धागे फारसे उरत नाहीत, त्यामुळे अनेकांना दुखत काहीच नाही, फक्त हात बाहेर वळवण्याची ताकद जाते. तिथे एमआरआय आणि मज्जातंतूंची एनसीव्ही-ईएमजी तपासणी लागते. मुंग्यांनी ती गाठ विरघळत नाही.

आत काय घडते, थोडक्यात

१९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी वेदनेचा 'दरवाजा' सिद्धांत मांडला. स्पर्श वाहून नेणारे जाड मज्जातंतू चेतवले की मज्जारज्जूतला दरवाजा अर्धवट लागतो आणि बारीक तंतूंतून येणारी वेदना वर मेंदूकडे कमी पोहोचते. आपटलेले कोपर आपण चोळतो, तोच हा प्रकार. सेकंदाला ८० ते १२० स्पंद देणारी जलद टेन्स प्रामुख्याने या वाटेने काम करते: लगेच आराम, पण बंद केल्यावर लवकर ओसरणारा. सेकंदाला २ ते ४ स्पंद देणारी मंद टेन्स स्नायूला टकटक उडवते आणि शरीराची स्वतःची अफूसारखी रसायने जागवते. तिचा परिणाम सावकाश चढतो आणि काही तास रेंगाळतो.

पुराव्याबद्दल स्पष्ट बोलायचे तर, टेन्समुळे चालू असताना आणि लगेच नंतर वेदना कमी होते याला आज बऱ्यापैकी आधार आहे. खांद्याच्या कंडरांचा आजार तिने बरा होतो याला नाही. जे दुकानदार 'दहा दिवसांत खांदा मोकळा' म्हणतात ते मसाजर विकत असतात.

मशीन आणि पॅड घेताना

डब्यावर तीन आकडे शोधा: वारंवारता २ ते १५० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तितके स्पंद), स्पंदाची रुंदी ५० ते २५० मायक्रोसेकंद आणि तीव्रता ० ते ८० मिलिअँपिअर. हे तिन्ही वेगवेगळे बदलता आले पाहिजेत. 'मोड १ ते ८' एवढेच लिहिलेले, फुलपाखरासारख्या एकाच पॅडचे यंत्र घेऊ नका. त्यात आपण किती देतो आहोत हे कळतच नाही. दोन चॅनेल हवीत, म्हणजे चार पॅड. चार्जिंगची वायर लावलेली असताना मशीन अंगावर कधीही वापरायचे नाही.

पॅड ५ × ५ सेंटिमीटरचे, चिकट जेलचे. लहान पॅड स्वस्त पडतात, पण तेवढाच प्रवाह कमी जागेतून गेला की मुंग्यांऐवजी सुया टोचतात. पॅड १५ ते ३० वेळा टिकतात असे साधारण धरतात. गोव्याच्या घामात आणि पावसाळ्यातल्या दमटपणात खालचा आकडा खरा माना. काम झाले की त्याच्या मूळ प्लास्टिकवर चिकटवून हवाबंद पिशवीत ठेवावेत. जेल कोरडे पडले तर बोटाने पाण्याचा एकच थेंब पसरवून दोन मिनिटे थांबा, पुन्हा चिकट होते. ओघळेल इतके पाणी लावले की जेल सुटते. आणि पॅड एकाचे दुसऱ्याने वापरायचे नाहीत, संघात तर मुळीच नाही.

कोणी वापरायचे नाही

पेसमेकर किंवा हृदयात बसवलेले शॉक देणारे यंत्र असलेल्यांनी नाही. अपस्मार असेल तर मान-खांद्याच्या भागात डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. गर्भारपणात विचारूनच. कर्करोगाच्या जागेवर, गुठळी झालेल्या शिरेवर, जखमेवर, बधिर कातडीवर पॅड लावू नये. मानेच्या पुढच्या बाजूला कधीही नाही. तिथल्या धमनीजवळच्या संवेदकांना स्पंद लागले तर रक्तदाब एकदम खाली येतो. एक पॅड छातीवर आणि दुसरा पाठीवर, असा छातीच्या आरपार प्रवाह जाईल अशी मांडणी करू नये. डाव्या खांद्याला हे जास्त जपायचे. खांद्यात शस्त्रक्रियेचे स्क्रू किंवा पट्टी कातडीलगत असेल तर सर्जनला विचारा.

मशीन लावून पणजी-फोंडा स्कूटर चालवू नका. झोपू नका. तलावाच्या काठावर ओल्या अंगाने लावू नका.

कातडीची तयारी

सगळ्यात जास्त बिघाड इथे होतो आणि सगळ्यात कमी लक्ष इथेच दिले जाते. सरावाहून आल्यावर कातडीवर घाम, मीठ, सनस्क्रीन आणि कित्येकांच्या अंगावर खोबरेल असते. तेलाचा थर प्रवाह अडवतो आणि घाम त्याला भलत्या वाटेने वाहू देतो. पॅडचा कोपरा सुटला की उरलेल्या जागेतून सगळा प्रवाह जातो आणि तिथे चटका बसल्यासारखे वाटते. बहुतेक मशीनं ठरवलेला प्रवाह काहीही करून ढकलतात, म्हणून हे घडते.

साध्या साबणाने खांदा धुवा, पुसा आणि पंख्याखाली १५ मिनिटे बसा. घाम आटल्याशिवाय पॅड नको. समुद्रातून आला असाल तर आधी गोड्या पाण्याने आंघोळ. स्पिरिटने पुसण्याची सवय बरी नव्हे. कातडी कोरडी पडते आणि पुरळ उठते. दाट केस असतील तर कात्रीने किंवा ट्रिमरने कमी करा. वस्तऱ्याने लगेच आधी दाढी केल्यासारखे केलेत तर बारीक ओरखडे झोंबतात.

पॅड कुठे लावायचे

उजवा खांदा धरून सांगतो. डावा हात उजव्या खांद्यावरून मागे टाका. बोटांना पाठीवर एक आडवा-तिरका हाडाचा कंगोरा लागेल, जो बाहेर जात खांद्याच्या टोकाला मिळतो. हीच खूण. यावर सगळी मांडणी.

पहिला पॅड कंगोऱ्याच्या वरच्या खळगीत, मध्यावर. याच्याच खाली खोलवर सुप्रास्कॅप्युलर मज्जातंतू जातो. खांद्याच्या सांध्याच्या संवेदनेचा मोठा वाटा, साधारण ७० टक्के, त्याच्याकडे असल्याचे मानतात, म्हणून हा पॅड चुकवायचा नाही. तो मानेच्या पुढे सरकता कामा नये. दुसरा पॅड दंडाच्या बाहेरच्या अंगाला, जर्सीच्या बाहीवर बिल्ला शिवतात तिथे. या जागेची कातडी ॲक्सिलरी मज्जातंतूची. हे दोन एका चॅनेलला.

तिसरा पॅड खांद्याच्या पुढच्या गोलाईवर, पण छातीच्या स्नायूवर नाही. चौथा मागे, कंगोऱ्याच्या चार बोटे खाली, फऱ्याच्या बाहेरच्या अर्ध्या भागावर. हे दुसऱ्या चॅनेलला. आता दोन्ही जोड्यांच्या रेषा मनात ओढल्या तर त्या सांध्यावर एकमेकींना छेदतात. तसे होत नसेल तर पॅड हलवा. कुठल्याही दोन पॅडमध्ये निदान एका पॅडच्या रुंदीइतके, म्हणजे ५ सेंटिमीटर अंतर हवे. जवळ आले की प्रवाह वरच्यावर कातडीतूनच निघून जातो, खोल पोहोचत नाही.

मागचे दोन पॅड स्वतःला नीट लागत नाहीत. घरातल्या कोणाला सांगा, किंवा आरसा वापरा. एकट्याने अंदाजाने लावलेला पहिला पॅड बहुतेक वेळा हाडावरच बसतो आणि हाडावर मुंग्या कडक, नकोशा वाटतात. गोल खांद्यावर कोपरे उचलत असतील तर कागदी सर्जिकल टेपची एक पट्टी पुरे.

आकडे आणि तीव्रता

व्यायामासोबत: १०० हर्ट्झ, १०० मायक्रोसेकंद, ३० मिनिटे, सलग प्रकार.

सराव नसलेल्या संध्याकाळी: २ ते ४ हर्ट्झ, २०० मायक्रोसेकंद, २० मिनिटे, स्नायू दिसेल इतका उडेल असे. सामन्याच्या आदल्या रात्री हे करू नका. दुसऱ्या दिवशी स्नायू भरून आल्यासारखा वाटतो.

तीव्रतेचा आकडा आधीपासून ठरवता येत नाही. कातडी, चरबी, पॅडचे वय यांनुसार तो रोज बदलतो. पद्धत अशी. मशीन बंद असताना पॅड आणि वायरी जोडा, मग चालू करा. एका चॅनेलची तीव्रता एकेक पायरी वाढवत जा. आधी काहीच नाही, मग हलक्या मुंग्या, मग ठसठशीत मुंग्या, मग स्नायूची पहिली थरथर. थरथर दिसली की एक पायरी खाली या. ती तुमची मात्रा: जोरदार, पण सोसवेल अशी. मग दुसरे चॅनेल.

हलक्या मुंग्यांवर थांबणे ही एक नंबरची चूक. प्रयोगांत टेन्स निकामी ठरल्याच्या कित्येक वेळी मात्राच कमी दिलेली होती. दुसरी गोष्ट, पाच-सात मिनिटांत मज्जातंतू सरावतात आणि मुंग्या फिक्या वाटतात. मशीन बिघडलेले नसते. दर पाच मिनिटांनी पुन्हा ठसठशीत वाटेपर्यंत एखादी पायरी चढवा. थरथर नको, कळ तर नकोच.

रोज तीच वारंवारता आणि तीच तीव्रता ठेवली तर चार-पाच दिवसांत शरीर निबर होते, गोळीची सवय लागते तसे. म्हणून जलद आणि मंद प्रकार आलटून पालटून घ्यावेत. काही मशीनवर 'मॉड्युलेशन' असतो, त्यात आकडे आपोआप हलत राहतात, तो चालेल. आणखी एक बारीक बाब: कॅफीनमुळे टेन्सचा परिणाम कमी होतो असे छोट्या प्रयोगात दिसले आहे. सत्रापूर्वी दोन-तीन तास कडक कॉफी टाळली तर तोटा नाही. ट्रॅमाडॉलसारखी अफूवर्गीय औषधे बरेच दिवस घेत असलेल्यांवर मंद प्रकार नीट चालत नाही. त्यांनी जलद प्रकारावरच राहावे.

त्या अर्ध्या तासात काय करायचे

मशीन लावण्याआधी हात कानापर्यंत वर करून दुखण्याला ० ते १० मधला आकडा द्या आणि वहीत लिहा. बसल्या जागचे दुखणे मोजू नका. टेन्सचा फायदा हालचालीतल्या दुखण्यात जास्त दिसतो, बसल्या जागी तो सापडत नाही आणि माणूस उगाच निराश होतो.

मशीन चालू झाल्यावर पहिली दहा मिनिटे नुसते बसा. मग व्यायाम, पॅड अंगावर ठेवूनच.

पहिले दोन आठवडे न हलता जोर लावायचा. कोपर बरगडीला, मध्ये घडी घातलेला टॉवेल, कोपर काटकोनात, मनगटाची मागची बाजू दरवाजाच्या चौकटीवर. हात बाहेर ढकला, पूर्ण ताकदीच्या साधारण निम्म्या जोराने, ४५ सेकंद. एक मिनिट विश्रांती. असे पाच वेळा. मग हाताची दिशा बदलून आत ढकलायचे, तेवढेच.

तिसऱ्या आठवड्यापासून रबर बँड किंवा १ ते २ किलोचा डंबेल: बाहेर वळवणे, खांद्याच्या पातळीपर्यंत उचलणे, बँड छातीकडे ओढून फरे जुळवणे. प्रत्येकी १२ ते १५ चे तीन संच, एक दिवसाआड. सातव्या आठवड्यापासून डोक्यावरचे काम: हलका चेंडू भिंतीवर फेकून झेलणे, बँडने स्मॅशची हालचाल, पोहणाऱ्यांना तलावात तुकड्या-तुकड्यांनी थोडे अंतर. कंडरेला बारा आठवडे द्यावे लागतात. घाई करणाऱ्याला बहुधा पुन्हा पहिल्या आठवड्यावर यावे लागते.

किती दुखले तर चालेल? व्यायामात ३ पर्यंत चालेल, फार तर ४, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा आदल्या दिवसाइतका झाला पाहिजे. वाढलेला राहिला तर त्या दिवशीचे वजन जास्त झाले.

इथे एक सापळा आहे. मुंग्यांमुळे दुखणे दबलेले असते, त्यामुळे अंगावर मशीन असताना माणूस वजन जास्त उचलतो. म्हणून डंबेल ठरवताना मशीनशिवाय दोन वेळा उचलून पाहा, तेच वजन घ्या. आणि मशीन लावून सामना खेळू नका. उत्तेजकविरोधी नियमांत टेन्सला बंदी नाही हे खरे, पण दुखण्याचा इशारा दाबून पाच सेट मारलेल्या खांद्याची फाटकी कंडरा नियमांनी जोडली जात नाही.

पोहणारे आणि गोलंदाज यांनी एक मोजमाप जरूर घ्यावे. पाठीवर झोपा, दंड खांद्याच्या रेषेत बाजूला, कोपर काटकोनात, कोणीतरी खांदा वरून धरावा. तळवा पायाकडे झुकवत हात आत वळवा आणि कोन बघा. खेळणाऱ्या हाताचा कोन दुसऱ्यापेक्षा २० अंशांनी कमी आणि बाहेर वळण्यात त्याची भरपाईही होत नसेल, तर सांध्याची मागची बाजू आवळली आहे. टेन्ससोबत ती ताणली नाही तर व्यायाम करूनही कळ परतत राहते.

स्नायू सुकला असेल तर

इथे टेन्स नव्हे, स्नायू आकसवणारा प्रवाह लागतो: ३५ ते ५० हर्ट्झ, सुमारे ३०० मायक्रोसेकंद, १० सेकंद चालू आणि ३० ते ५० सेकंद बंद, १० ते १५ आकुंचने. पॅड दोन, दोन्ही कंगोऱ्याच्या खाली, स्नायूच्या लांबीत. प्रवाह आला की आपणही हात बाहेर वळवायचा. मशीन एकटे खेचत राहिले तर फायदा फार थोडा. मज्जातंतूच तुटलेला किंवा फार चेपलेला असेल तर मात्र इतक्या अरुंद स्पंदांना स्नायू दाद देत नाही. तीव्रता चढवूनही स्नायू हलला नाही की पुढे चढवत बसू नका, ती खूण घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जा. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात), म्हापशाच्या आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळात तपासणीची सुरुवात करता येते; जाताना वही आणि पाठीचा फोटो न्यावा.

बिघाड कसा ओळखायचा

काहीच जाणवत नाही: वायर पिनेपाशी आतून तुटलेली असते, बहुतेक गुंडाळून ठेवल्यामुळे. दोन चॅनेलच्या वायरी अदलाबदल करून पाहा. दोष वायरीसोबत सरकला तर वायर, जागेवर राहिला तर मशीन.

एकाच पॅडखाली टोचते: तो पॅड कोरडा, किंवा खाली हाड. मुंग्या मधेच गायब होऊन धक्क्यासारख्या परत येतात: घामाने पॅड सुटतो आहे, तीव्रता शून्यावर आणल्याशिवाय पॅडला हात लावू नका. हात लुळा वाटतो, बोटांत मुंग्या उतरतात: पुढचा पॅड काखेकडे सरकला आहे.

कातडी लाल होऊन अर्ध्या तासात निवळली तर ठीक. खाज, पुरळ किंवा दुसऱ्या दिवशीही डाग राहिला तर जेलची ॲलर्जी. दोन सेंटिमीटर जागा बदला, दुसऱ्या जेलचे पॅड घ्या, तरीही उठले तर थांबा.

हालचालीतले दुखणे चार-पाच सत्रांत निदान २ आकड्यांनी उतरायला हवे. उतरले नाही तर आधी मात्रा, मग पॅडची जागा, मग प्रकार, या क्रमाने एकेकच गोष्ट बदला. तीन आठवडे सगळे नीट करूनही आकडा हलत नसेल तर मशीन ठेवून द्या आणि निदान पुन्हा तपासून घ्या. उतरत असेल तर सातव्या आठवड्यापासून एक दिवसाआड मशीनशिवाय व्यायाम करून पाहा.

मज्जातंतूलगत तार

सहा महिने नीट व्यायाम होऊनही खांदा धड होत नाही, शस्त्रक्रियेजोगे काही सापडत नाही, अशांसाठी वेदनातज्ज्ञांकडे पुढची पायरी असते. आधी सोनोग्राफीत बघून सुप्रास्कॅप्युलर मज्जातंतूभोवती भूल देतात. दुखणे काही तास लक्षणीय उतरले तर दुखण्याची वाट तीच आहे हे कळते. मग कधी पल्स्ड रेडिओफ्रीक्वेन्सी करतात: सुईचे टोक ४२ अंश सेल्सिअसच्या वर न जाऊ देता दोन मिनिटे स्पंद देतात, मज्जातंतू जाळत नाहीत.

दुसरा मार्ग म्हणजे केसासारखी बारीक तार कातडीतून मज्जातंतूपासून थोड्या अंतरावर सोडणे आणि बाहेर छोटे मशीन चिकटवणे. ६० दिवसांनी तार ओढून काढतात. सुप्रास्कॅप्युलरला साधारण १०० हर्ट्झ देतात, मुंग्यांचा आराम. ॲक्सिलरीला १२ हर्ट्झ, ज्याने डेल्टॉइड, म्हणजे खांद्याच्या गोलाईचा स्नायू, सावकाश आकसतो. या पद्धतीचा अभ्यास प्रथम पक्षाघातानंतरच्या खांदेदुखीवर झाला, दिवसाला सहा तास आणि तीन आठवडे अशा मात्रेने. खेळाडूंवरचा अनुभव त्यामानाने तोकडा आहे, हे डॉक्टरांनी सांगितले नाही तर तुम्ही विचारा. हेही विचारा: तार तुटून तुकडा आत राहिला तर काय करणार, मधेच एमआरआय लागला तर चालेल का, ड्रेसिंग कोण आणि किती दिवसांनी बदलणार.

तार आत असेपर्यंत तलाव, समुद्र, नदी सगळे बंद, कारण तार शिरते ती जागा पाण्यात बुडाली की जंतूंना वाट मिळते. आंघोळही ती जागा कोरडी राखून. पोहणाऱ्याने म्हणूनच हे हंगाम संपल्यावर करावे, आणि शक्यतो एप्रिल-मेच्या घामात नको, कारण चिकटपट्टी दिवसातून दोनदा सुटते आणि पट्टी ओढताना तारही ओढली जाते.